एकट्या तलंगेला सोबत आणताना



गाळप हंगाम आटोपत आला. तोडणीच्या टोळ्या परतीच्या वाटेला लागल्या आहेत आणि खोडव्यातले पाचट ठेवायचे की पेटवायचे यावर बांधाबांधावर वाद चालू आहेत. (पेटवू नका, एवढेच या ठिकाणी सांगतो.) आपल्या अंकात एरवी लागण, खोडवा, माती परीक्षण असेच विषय असतात. या वेळचा विषय जरा लहान आहे, दीड-दोन किलो वजनाचा. परसातली कोंबडी. आणि त्यातही एकच बाब: घरात एखादी लहान तलंग एकटी उरली असेल आणि तिला सोबत म्हणून बाहेरून मोठी कोंबडी आणायची असेल, तर ती कशी आणावी.

हसू नका. उसाचे बिल बँकेत जमा होते ते बहुतेक घरांत पुरुषाच्या खात्यावर, आणि जमा होण्याआधीच त्याला सोसायटीचे कर्ज, खताची उधारी आणि ट्रॅक्टरवाल्याचे देणे अशा वाटा फुटलेल्या असतात. अंड्यांचे पैसे तसे नसतात. ते घरच्या बाईच्या हातात आठवड्याच्या आठवड्याला येतात, त्यांची नोंद कुठल्याच पासबुकात नसते आणि पोरांच्या वह्या, पेनं, दवाखाना त्यातच भागतो. आमच्या आईने चाळीस वर्षे हा हिशेब सांभाळला. तेव्हा कोंबडी मेली तर कुणाचे नुकसान होते हे प्रत्येकाने आपल्या घरात विचारून बघावे.

आता मी हे का लिहायला बसलो ते सांगतो. त्यात माझीही चूक आहे.

आईच्या कोंबड्या निवळ गावरान. तांबूस, मानेवर काळी झाक, अंगाने बेताच्या, पण अंड्यावर बसल्या की एकवीस दिवस हलायच्या नाहीत. आई गेल्यावर त्या आम्ही तशाच ठेवल्या. तीन वर्षांमागे उन्हाळ्यात आमची थोरली बहीण, अक्का, माहेरी आली होती. ती जाताना यातली डझनभर अंडी तांदळाच्या कोंड्यात घालून घेऊन गेली. अक्का राहते मुंबईच्या उपनगरात. दाजींची नोकरी बोरिवलीला, पण घर मात्र खाडीपलीकडे गोराई गावात, एका वाडीतले जुने कौलारू. मुंबई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नुसते मजले उभे राहतात. पण बोरिवलीहून होडीत बसून खाडी ओलांडली की नारळ, विहिरी, परस, खुराडी सगळे अजून आहे. अंधेरीकडच्या मरोळसारख्या जुन्या गावठाणांतही इमारतींच्या मधल्या बोळात पहाटे कोंबडा ऐकू येतो. गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीत तर केंद्र सरकारने कुक्कुट विकासाचे पश्चिम विभागाचे केंद्रच उभारले होते. म्हणजे कोंबडी आणि उपनगर यांचे नाते काही नवे नाही.

अक्काने नेलेली अंडी एक दिवस थंड जागी स्थिर ठेवली आणि शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली घातली. बारापैकी आठ उबली. पुढे त्यांची पिले, पिलांची पिले अशी तिची दहा-बारा जनावरांची टोळी झाली.

इकडे आमच्याकडे काय झाले ते ऐका. गेल्या वर्षी मी बाजारातून एक उंची, देखणी कोंबडी आणली. संध्याकाळी तशीच खुराड्यात लोटली. तिसऱ्या दिवशी ती पेंगायला लागली, पाचव्या दिवशी तिची मान वाकडी झाली आणि पुढच्या आठवड्याभरात आईच्या सतराच्या सतरा कोंबड्या गेल्या. मानमोडी. लस टोचलेली नव्हती. "आपल्या गावरान कोंबड्यांना काही होत नाही" असे म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो.

म्हणजे आईच्या कोंबड्यांचे रक्त आता फक्त गोराईत उरले होते. आणि तिथे गणपतीनंतर मुंगसाने खुराड्याची खालची फळी उकरली. अक्काकडे कोंबड्या थोड्या घार-कुत्र्यांनी आधीच कमी झालेल्या होत्या, उरलेल्या त्या दोन रात्रींत संपल्या. राहिली एक तलंग, जेमतेम दोन महिन्यांची. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, हे आपल्या बायाबापड्यांना सांगायला नको. पण हल्लीच्या पोरांसाठी लिहितो.

एकटी कोंबडी ही फार केविलवाणी गोष्ट असते. कोंबडी हा कळपाचा जीव. एकजण टिपत असते तेव्हा दुसरी मान वर करून आकाश बघत असते. एकटीला दोन्ही कामे करावी लागतात, म्हणून ती पोटभर खात नाही. दिवसभर ओरडते, माणसांच्या पायात येते, रात्री दाराशी येऊन बसते. अक्काच्या तलंगेचे तेच झाले. दिवाळीला मी भाऊबिजेला गेलो त्याच्या आदल्याच दिवशी दाजींनी बाजारातून दीड-दोन वर्षांची एक अंड्यावरची कोंबडी आणून संध्याकाळी परसात सोडली होती. "सोबत झाली," म्हणाले. हेतू चांगला, पण मी सकाळी परसात जाऊन बघतो तर तलंग पाण्याच्या पिंपामागे कोपऱ्यात डोके खुपसून बसलेली. डोक्याची कातडी सोलली होती, तुऱ्यातून रक्त येत होते. नवी कोंबडी दोन हातांवर पाय रोवून उभी होती.

माझ्या पोटात गोळा आला, तो नुसता रक्ताने नाही. मला आमचे खुराडे आठवले.

आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना तिथूनच फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न केला तो भांडणाचा नव्हे. म्हणाले, "नवी कुठून आणली? लस झालीय का? आधी दोघींना लांब करा, मग चोची मारण्याचं बघू." हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपण भांडणाला भितो, कारण भांडण डोळ्याला दिसते. खरा धोका न दिसणारा असतो.

आपण दुसऱ्याच्या रानातले बेणे आणले तर ते तसेच सरीत टाकतो का? बेणेप्रक्रिया करतो, गवताळ वाढीचा प्लॉट असेल तर त्यातले बेणे घेतच नाही. एका रोगट कांडीने पुढची तीन पिके वाया जातात हे आपल्याला पटलेले आहे. मग बाजारातली कोंबडी, जिच्या आजूबाजूला त्या दिवशी दहा गावांच्या कोंबड्या एका पाटीत होत्या, ती आपण सरळ खुराड्यात कशी लोटतो?

मानमोडी म्हणजेच राणीखेत. गेल्या शतकात १९२०च्या दशकाच्या अखेरीस हिमालयातल्या राणीखेत या गावी आपल्या देशात हा रोग नोंदला गेला म्हणून ते नाव पडले. इंग्रज लोक त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात, कारण त्यांच्याकडे तो त्या गावी सापडला. रोगाचा शिरकाव झाल्यापासून लक्षणे दिसायला दोन दिवस लागतात तसे पंधरा दिवसही लागतात. म्हणजे बाजारात ठणठणीत दिसलेली कोंबडी घरी येऊन आठवड्याने पडू शकते. सर्दीचे रोग तर याहून लबाड आहेत. त्यातून बरी झालेली कोंबडी वरून चांगली दिसते, अंडी घालते, पण रोगाचे बीज अंगात बाळगून राहते आणि नव्या सोबतिणीला देते. म्हणून नवीला निदान तीन आठवडे, जमल्यास पुरा महिना वेगळे ठेवायचे. वेगळे म्हणजे खुराड्याच्या दुसऱ्या कप्प्यात नव्हे. घराच्या दुसऱ्या अंगाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. पाण्याचे भांडे वेगळे. दाणे घालताना आधी आपल्या जुन्या जनावराला घालायचे, मग नवीला, आणि परत येताना हातपाय धुवायचे. चपलांच्या तळव्याला लागलेली विष्ठा हीच रोगाची बैलगाडी.

अक्काने नवीला पुढच्या दारच्या पडक्या न्हाणीत ठेवली. दाजी कुरकुरले. "एका कोंबडीसाठी महिनाभर न्हाणी अडवायची?" त्यावर अक्का जे बोलली ते इथे छापण्यासारखे नाही, पण न्हाणी मिळाली.

या महिन्यात नवीकडे रोज नीट बघायचे. शिंकते का, श्वास घेताना घरघर होते का, डोळ्यांत फेस किंवा चेहऱ्याला सूज आहे का, विष्ठा हिरवी पाणचट आहे का, दिवसा पंख पाडून बसते का. संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन गुदद्वाराभोवतीची आणि पंखांखालची पिसे फुंकर घालून उलगडायची. उवा असतील तर तिथेच दिसतात. पायांचे खवले उचललेले, खडबडीत असतील तर तिथे खरजेचे किडे आहेत असे समजा. पिसवा मात्र कोंबडीच्या अंगावर दिवसा सापडायच्या नाहीत. त्या खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात, तेव्हा खुराड्याच्या फटी चुन्याने बुजवून घ्या. जंताचे औषध याच काळात पशुवैद्यकांना विचारून द्या.

आणि लस. पिलू पाच-सात दिवसांचे असताना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचे टोचण पंखाखाली, हा साधा क्रम आहे. मोठी कोंबडी लसीविना आली असेल तर ती वेगळी असतानाच टोचून घ्यावी. लसीची ताकद अंगी यायला दोनेक आठवडे जातात. आजारी जनावराला मात्र टोचू नये. इथे एक अडचण येते आणि ती सगळीकडे येते. लसीची बाटली येते शंभर कोंबड्यांची. फोडल्यावर ती तासा-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फुकट. दोन कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? अक्काने वाडीतल्या बायकांना गोळा केले. एका सकाळी सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या पहाटे बाहेर न सोडता डालग्यांखाली ठेवल्या, लस थर्मासात बर्फावर घालून होडीने आणली आणि साठ-सत्तर कोंबड्या तास-दीड तासात टोचून झाल्या. आपण सहकारातली माणसे. जे गोराईच्या बायकांना जमले ते आपल्या गावोगावच्या बचत गटांना जमू नये असे काही नाही, उलट आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखाना तुलनेने जवळ आहे.

एक गंभीर गोष्ट याच ओघात. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर फेकू नका, विकू नका, दवाखान्यात कळवा. २००६च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात तो पुन्हा आला. लपवून ठेवण्याने रोग थांबत नाही, पसरतो.

आता भांडणाकडे येऊ.

नॉर्वे देशात थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे नावाचा एक माणूस होऊन गेला. लहानपणापासून तो कोंबड्यांपुढे बसून कोण कुणाला चोच मारते याची टिपणे ठेवायचा. १९२१च्या सुमारास त्याने ते शास्त्राच्या भाषेत मांडले: प्रत्येक कळपात चोचीचा एक क्रम ठरलेला असतो. पहिली सगळ्यांना मारते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची कुणालाच नाही. आपल्या आयाबायांना हे आधीपासून ठाऊक होते, फक्त त्यांनी ते कागदावर मांडले नाही. क्रम एकदा ठरला की भांडणे कमी होतात. नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला सरते. भांडण होते ते क्रम ठरलेला नसतो तेव्हा. दावणीला नवा बैल आला की पहिले चार दिवस जुना बैल शिंग रोखतो, तसेच हे.

पण आपल्या प्रकरणात दोन गोष्टी वाईट असतात. एक, अंतर. दीड-दोन वर्षांची कोंबडी आणि तीन महिन्यांची तलंग यांच्यात वजनाचा फरक दुप्पट-तिप्पट असतो, त्यामुळे क्रम ठरवायला झुंज व्हायची ती होतच नाही, नुसता मार होतो. दुसरी, एकटेपण. कळपात पाच-सहा जणी असतील तर चोची वाटल्या जातात. एकटीच असली की सगळ्या तिच्याच डोक्यावर. लोक समजतात की आधीपासून राहणारीचा मान असतो आणि नवी दबून राहते. सारख्या वयाच्या असल्या तर ते थोडेफार खरे आहे. वयात अंतर असले की जागेचा हक्क चालत नाही, अंगाची ताकद चालते.

म्हणून खरे सांगायचे तर एकट्या तलंगेला सोबत हवी असेल तर मोठी कोंबडी आणूच नये. तिच्याच वयाच्या, तिच्याच अंगाच्या दोन तलंगा आणाव्यात. एक नव्हे, दोन. खर्च थोडा जास्त, पण निम्मे त्रास वाचतात. अक्काला तो पर्याय नव्हता, कोंबडी घरात आलेली होती आणि परत न्यायची म्हटले तर व्यापारी अर्धे पैसे देतो.

आणायचीच झाली तर निदान बघून तरी आणा. तुरा लाल, भरलेला आणि गरम हवा. कोंबडी उलटी करून ढुंगणाच्या दोन टोकदार हाडांमध्ये बोटे ठेवून बघा. अंड्यावर असेल तर दोन-तीन बोटे आरामात बसतात, बंद झालेली असेल तर एकही मुश्किलीने. असील जातीची किंवा त्या रक्ताची असेल तर तलंगेजवळ आणू नका, ती लढण्यासाठीच वाढवलेली जात. गिरिराज, वनराज या सुधारित जाती परसासाठी चांगल्या आहेत, एक बंगळूरची आणि एक हैदराबादची. पण अंगाने भारी असतात, आणि आपल्या हलक्या गावरान तलंगेशेजारी उभ्या केल्या की अंतर आणखी वाढते. खुडूक कोंबडी किंवा पिले असलेली कोंबडी तर नवख्या जनावराला जवळ उभी करत नाही.

महिना संपला, नवी निरोगी राहिली, तरी लगेच एकत्र सोडायचे नाही. आता दोघींनी एकमेकींना बघायचे, पण शिवायचे नाही. अक्काने परसाच्या मधोमध जुन्या जाळीचा आडोसा केला. ज्यांच्याकडे जाळी नाही त्यांनी नवीला मोठ्या डालग्याखाली ठेवून तलंगेला भोवती मोकळे सोडावे. (उलटे करू नका. कोंडलेली लहान आणि मोकळी मोठी असे झाले की मोठी दिवसभर डालग्याभोवती घिरट्या घालते आणि लहान घाबरी होते.) दाणे जाळीच्या दोन्ही बाजूंना, जाळीच्या जवळ टाकायचे. पहिले दोन दिवस नवी जाळीवर चोची आपटते. मग कंटाळते. आठ-दहा दिवसांत दोघी जाळीच्या दोन बाजूंना अंग टेकून बसायला लागल्या, तर समजावे की निम्मे काम झाले. हे दिवस वाया जात नाहीत, कारण तोवर तलंग मोठी होत असते. घाई नसेल तर ती अंगाने नवीच्या पाऊणपट होईपर्यंत, म्हणजे चार-साडेचार महिन्यांची होईपर्यंत जाळी राहू द्यावी.

इथे चाऱ्याचा एक पेच आहे आणि तो फार लोकांच्या ध्यानात येत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या तयार खाद्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, साडेतीन ते चार टक्के असतो, कारण तिला कवच घडवायचे असते. वाढत्या तलंगेला एक टक्का पुरतो. मोठीचे खाद्य तिने महिनोन्‌महिने खाल्ले तर तिचे मूत्रपिंड खराब होते. दोघींना वेगवेगळे घालावे तर एकत्र आल्यावर कोण कुणाचे ऐकणार? उपाय सोपा आहे. दोघींना तलंगेचेच खाद्य, किंवा घरचा मक्याचा-ज्वारीचा भरडा आणि थोडी पेंड द्या; आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. मोठी आपल्या गरजेपुरता चुरा खाते, लहान त्याला तोंड लावत नाही. गोराईला शिंपल्यांचा काय तोटा; अक्काने समुद्रकाठचे आणले, मिठाचा अंश जावा म्हणून दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुतले, वाळवले आणि कुटले. आपल्याकडे अंड्यांची टरफले भाजून, बारीक कुटून चालतात. न कुटता टाकाल तर कोंबडीला टरफलाची ओळख पटते आणि ती स्वतःची अंडी फोडायला शिकते.

एकत्र सोडायचा दिवस सुट्टीचा निवडा. कुणीतरी दिवसभर घरी हवे. पुष्कळ जण रात्रीची युक्ती सांगतात: अंधारात कोंबडीला दिसत नाही, नवी गुपचूप दांड्यावर नेऊन ठेवायची, सकाळी दोघी जन्माच्या मैत्रिणी. सारख्या वयाच्या असतील तर ही युक्ती कधी कधी लागू पडते. आपल्या प्रकरणात ती अंगाशी येते. पहाटे फटफटताच भांडण सुरू होते, खुराडे बंद, पळायला जागा नाही आणि घरातली माणसे झोपेत. दाजींनी नेमके हेच केले होते. त्यापेक्षा भर दिवसा, मोकळ्या जागेत सोडावे.

सोडण्याआधी जागेची मांडणी बदला. पाण्याचे भांडे हलवा, दांडा दुसरीकडे बांधा, एक-दोन पाट्या उपड्या घाला. जागा दोघींनाही नवी वाटली की कुणाचाच दावा राहत नाही. दाण्याची भांडी दोन, पाण्याची दोन, आणि ती एकमेकींपासून इतकी लांब की एकीवर बसून दुसरीवर राखण करता येऊ नये. भिंतीला एखादी फळी तिरकी टेकवून ठेवा, म्हणजे लहानीला मागे लपता येते आणि दुसऱ्या बाजूने बाहेरही पडता येते. एकच तोंड असलेला कोपरा हा लपण नव्हे, सापळा. अक्काच्या घरी सगळ्यांत उपयोगी पडले ते वेगळेच. जाळीचा आडोसा तिने काढलाच नाही, फक्त खाली तलंगेच्या अंगाएवढे एक भोक पाडले. तलंग त्यातून आरपार जाई, मोठीचे अंग अडके. लहानीला माहेर राहिले आणि तिची हिंमत वाढली. पहिले तीन दिवस ती पाच मिनिटे इकडे येई आणि अर्धा तास तिकडे. चौथ्या दिवशी उलटे.

थोडे भांडण होणारच, त्यात पडू नका. मानेची पिसे फुलवून समोरासमोर उभे राहणे, डोक्यावर दोन चोची, चार पावले पाठलाग, हे चालू द्यावे. दर वेळी आपण सोडवायला गेलो तर क्रम ठरतच नाही आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू होते. पण रक्त दिसले, किंवा लहान खाली बसली तरी मोठी मारतच राहिली, किंवा लहानीला दिवसभर दाणापाणी घेऊ दिले नाही, तर मोठीला उचलून दोन-तीन दिवस नजरेआड करा. मोठीलाच उचला, लहानीला नको. परत आल्यावर ती नवखी होते आणि तिचा ताठा थोडा उतरतो. रक्त तर अजिबात उघडे ठेवू नये. कोंबडी लाल दिसले की तिथेच चोच मारते, मग ती मैत्रीण असली तरी. जखम स्वच्छ धुवून हळद-खोबरेल लावा. जखमही भरते आणि लालीही झाकते.

खुराड्यात दर कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा हवी, दांड्यावर दोघींमध्ये वीतभर अंतर. खाली अंथरायला आपल्याकडे बगॅस मिळतो, तो चांगला, पण पूर्ण वाळलेला हवा. ओल्या बगॅसला बुरशी धरते आणि तिचे कण फुप्फुसात गेले की कोंबड्या तोंड उघडून श्वास घ्यायला लागतात. दर दोन दिवसांनी हलवा, ओला झालेला भाग काढून टाका. आणि खालची फळी मुंगसाला उकरता येणार नाही अशी, दगडावर बसवा. हे अक्काला दहा कोंबड्या गमावल्यावर कळले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अक्काने भोक मोठे केले. दोघी एका दांड्यावर बसू लागल्या, मोठी मधोमध आणि तलंग टोकाला. दाण्यावर पहिला हक्क अजून मोठीचाच आहे. तलंग एक पाय उचलून थांबते आणि मोठी हलली की पुढे होते. घार आली तर मोठी घशातून एक लांब आवाज काढते आणि तलंग फळीमागे जाते. ते शिकवायला तिला आई नव्हती.

फेब्रुवारीच्या मध्याला अक्काचा फोन आला. तलंगेने पहिले अंडे दिले होते, लिंबाएवढे, तांबूस. दाजींनी ते उकडून खायचा विषय काढला होता म्हणे. शेजारच्या वाडीत गावरान कोंबडा आहे, तो रोज दुपारी कुंपण ओलांडून येतो. पाडव्याला अक्का गावी येणार आहे. मी कोंड्याचे पोते वाळवून ठेवले आहे आणि आमच्या घरची एक कोंबडी, चुलत्याकडून आणलेली, महिनाभर गोठ्यापलीकडे वेगळी ठेवून, टोचून घेतलेली, परवापासून खुडूक झाली आहे.